भोपळा म्हणजे पास

"ताई, आज बी फेल म्हणतंय बघा."

पहाटे पावणेसहाची वेळ, २०१८ चा जून, आणि सलग चौथ्या दिवशी हाच फोन. पलीकडे गडहिंग्लजजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सचिव. त्यांच्या मागं कॅन आपटल्याचे आवाज, 'माझीच फॅट कशी कमी लागली' म्हणून कुणाची तरी हुज्जत, आणि मी अजून अंथरुणात.

मी प्रोग्रामर नाही. गडहिंग्लजमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तीन-चार दूध संस्था, एक पतसंस्था, दोन खताची दुकानं आणि एक दवाखाना एवढ्यांच्या मशीनची वार्षिक देखभाल माझ्याकडं असते. बॅच फायली, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या कमांडच्या याद्या, लिहायला मी शिकले ते गरजेपोटी. या दूध संस्थेचा डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये आहे. एक्स्प्रेस फुकट मिळतं, त्यामुळं त्यात रात्रीची कामं आपोआप लावणारा 'एजंट' नसतो. मग आपणच बॅच फाइल लिहायची आणि ती टास्क शेड्युलरला, म्हणजे विंडोजमधल्या ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीला, लावून द्यायची. माझी फाइल रात्री अकराला दोन कामं करायची. एसक्यूएल-सीएमडीला (डेटाबेसला हुकूम पोचवणारी कमांड) सांगून डी ड्राइव्हवर त्या दिवसाच्या तारखेच्या नावानं बॅकअपची नवी फाइल बनवायची, आणि रोबोकॉपी या फायली कॉपी करणाऱ्या कमांडनं ती आतल्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायची. काही बिघडलं तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'बॅकअप फेल'.

आणि ते रोज फेल येत होतं. मी जाऊन बघायची तर फायली दोन्हीकडं जागच्या जागी. तारीख बरोबर, साइज बरोबर.

(एक सांगून ठेवते. मी मराठी कीबोर्डवरच लिहिते, त्यामुळं खालच्या कमांडही देवनागरीत आल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजीतच टाइप करा, नाहीतर ९००९ मिळेल. विंडोजच्या भाषेत त्याचा अर्थ 'अशी कमांडच मला माहीत नाही'.)

प्रत्येक प्रोग्राम संपताना मागं एक आकडा ठेवून जातो. तो एक्झिट कोड. बॅच फायलीत तो एररलेव्हल या नावानं वाचता येतो. शून्य म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे काहीतरी झालं. आमच्या शाळेत भोपळा मिळाला की घरी तोंड दाखवायची सोय नसे. इथं भोपळा म्हणजे पास. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. काम नीट व्हायची तऱ्हा एकच असते, बिघडायच्या तऱ्हा शंभर, म्हणून बाकीचे सगळे आकडे बिघाडांसाठी मोकळे ठेवलेले. डॉसच्या काळात हा आकडा २५५ पर्यंतच जायचा, आता विंडोजमध्ये तो ३२ बिटांचा आहे.

माझी चूक या ओळीत होती:

इफ एररलेव्हल १ गोटू फेल

आणि चूक एक नव्हती, दोन होत्या. पहिली म्हणजे या ओळीचा अर्थ 'एररलेव्हल एक असेल तर' असा नाहीच. 'एक किंवा त्याहून जास्त असेल तर' असा आहे. मतदारयादीत 'अठरा पूर्ण' म्हणतात ना, तसं. त्यामुळं वेगवेगळे आकडे वेगवेगळे हाताळायचे असतील तर मोठ्यापासून खाली यावं लागतं. आधी १ विचारला की ८ आणि १६ सुद्धा तिथंच अडकतात. या 'किंवा जास्त'चा आणखी एक तोटा आहे. एखादा प्रोग्राम मध्येच कोसळला तर तो बहुतेक वेळा वजा आकडा सोडतो. सी००००००५ नावाची मेमरीची प्रसिद्ध चूक एररलेव्हलमध्ये -१०७३७४१८१९ अशी दिसते. एवढा मोठा अपघात, पण आकडा एकपेक्षा लहान, त्यामुळं ही ओळ त्याला हसत पुढं सोडते. त्यापेक्षा 'इफ %एररलेव्हल% एनईक्यू ०', म्हणजे 'शून्य नसेल तर', हे बरं.

दुसरी चूक रोबोकॉपीबद्दलची. भोपळा म्हणजे पास, हा नियम ती पाळत नाही. तिचे आकडे वाण्याच्या दुकानातल्या वजनांसारखे आहेत: १, २, ४, ८, १६. एक म्हणजे फायली कॉपी झाल्या. दोन म्हणजे जिथं कॉपी करायची तिथं मूळ जागी नसलेलं काहीतरी जादा पडलंय. चार म्हणजे जुळत नसलेलं काही सापडलं. आठ म्हणजे काही फायली कॉपी झाल्याच नाहीत. सोळा म्हणजे कामच उलटलं. एकाहून जास्त गोष्टी घडल्या तर वजनं एकत्र पारड्यात पडतात, म्हणून तीन आलं की एक आणि दोन दोन्ही घडलंय असं समजायचं. आठच्या खालचं सगळं 'चाललंय' यात मोडतं. आणि शून्य? शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच.

म्हणजे रोज रात्री रोबोकॉपी 'फाइल पोचवली' असं सांगत होती, आणि मी ते 'फेल' म्हणून सचिवांना दाखवत होते.

हे मला आज कळतंय. तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मी पाचव्या दिवशी सकाळी गाडीला किक मारून गेले, फायली जागेवर बघितल्या, 'फेल'ची ओळ काढून टाकली आणि फायलीच्या शेवटी लिहिलं:

एक्झिट /बी ०

काहीही होवो, शेवटी शून्य. पहाटेचे फोन बंद झाले. टास्क शेड्युलरमध्ये 'लास्ट रन रिझल्ट'खाली रोज ०एक्स०, म्हणजे त्याच्या लिपीतला शून्य, दिसायला लागलं. सचिव खूश, मी खूश. वर्षातून तीन-चारदा जायची तेव्हा त्या रकान्याकडं एक नजर टाकायची, ०एक्स० बघायची, चहा घ्यायची आणि निघायची. त्या शून्याला मीच खोटं बोलायला शिकवलंय, हे चार वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

२०२२ च्या १ मेला संस्थेत कुणीतरी चेअरमनसाहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचं शूटिंग डी ड्राइव्हवर टाकलं. हळदीपासून वरातीपर्यंत सगळं, कापाकापी न केलेलं. 'तिथं जागा भरपूर दिसली.' ड्राइव्ह काठोकाठ भरला. त्या रात्रीपासून बॅकअपची फाइल बनेना. एसक्यूएल सर्व्हर आपल्या परीनं ओरडला असणार: डिस्कवर जागा नाही ही ११२ नंबरची विंडोजची चूक, आणि तिच्यापाठोपाठ 'बॅकअप अर्ध्यात संपतोय' ही त्याची स्वतःची ३०१३. पण रात्री अकराला बंद खोलीत ते वाचणार कोण?

एसक्यूएल-सीएमडीनं तरी फेल म्हणायचं, तर तिनंही शून्यच दिलं. ही गोष्ट माहीत नसणारे निदान डझनभर लोक मला आतापर्यंत भेटलेत. एसक्यूएल-सीएमडी सर्व्हरशी जोडलीच गेली नाही तर ती नीट चूक कळवते. पण जोडली गेली, तुमचा हुकूम सर्व्हरला दिला आणि सर्व्हरनं तो फेटाळला, तर तिच्या लेखी तिचं काम झालं. पोस्टमननं पत्र टाकलं, आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. सर्व्हरची चूक एक्झिट कोडमध्ये यायला हवी असेल तर तिला 'बी' हा स्विच द्यावा लागतो. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं म्हणून शब्दांत सांगते: लहान बी. आणि हुकूम देण्यासाठीचा 'क्यू' मात्र मोठा. लहान क्यू दिला तर हुकूम पाळून ती पुढच्या हुकमाची वाट बघत तिथंच बसते. पतसंस्थेत एकदा मी तो लहान दिला होता, टास्क दोन दिवस 'रनिंग' दाखवत होता.

त्यानंतर रोबोकॉपीची पाळी. नवी फाइल नाही, म्हणून कॉपी करण्यासारखं काही नाही, म्हणून तिचा आकडा शून्य. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं शून्य दिला, आणि तो नेमका बॅकअप न झालेल्या रात्री. ज्या कामात रोज एक नवी फाइल जायलाच हवी, तिथं रोबोकॉपीचा एक ही खुशाली आणि शून्य ही धोक्याची घंटा. आणि ती वाजली असती तरी शेवटी 'एक्झिट /बी ०' बसलेलाच होता तोंडावर हात ठेवायला.

२३ मेच्या संध्याकाळी वळीव आला. दूध घालायला रांग होती, वीज कडाडली, लाइट गेली, आली, परत गेली. संकलनाचा कॉम्प्युटर त्यानंतर सुरूच झाला नाही. मी रात्री नऊला पोचले, हार्ड डिस्क काढून माझ्या मशीनला लावली. तिनं दोनदा टक-टक केलं आणि गप्प बसली. मी म्हटलं, काळजी नको, आतल्या कॉम्प्युटरवर कालची फाइल आहे. आतल्या कॉम्प्युटरवर शेवटची फाइल ३० एप्रिलची होती.

सचिव काही बोलले नाहीत. टेबलावरचा पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला फक्त.

तेवीस दिवस, रोज दोन वेळचं संकलन, सुमारे १४० उत्पादक. कागदावर गुणाकार केला तर सहा हजार चारशेच्या वर नोंदी. पहिल्या दोन दहा दिवसांची बिलं वाटून झाली होती, पण २१ तारखेपासूनचं दूध कुणाचं किती, कोणत्या फॅटचं, हे मशीनमध्ये कुठंच नव्हतं. वाचलो ते सचिवांच्या जुन्या सवयीमुळं. कॉम्प्युटर आला तरी ते प्रत्येक वेळचं संकलनपत्रक छापून बॉक्स फायलीत लावायचे. मी त्यांना कितीदा तरी म्हटलं होतं, कशाला कागद घालवताय! त्या बॉक्स फायलीवरून मी आणि त्यांची मुलगी मिळून चार दिवस टाइप करत बसलो. ती कोड, लिटर, फॅट वाचायची, मी घालायची. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडून झोपेत पण आकडे येत होते असं तिची आई म्हणाली. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, आणि कुणी विचारलेही नाहीत.

मग स्क्रिप्ट नव्यानं लिहायला घेतली. एवढं झाल्यावर तरी ती पहिल्या झटक्यात जमावी, तर नाही. मी असं लिहिलं:

इफ एक्झिस्ट डी:\बॅकअप (
एसक्यूएल-सीएमडी वगैरे वगैरे
इफ %एररलेव्हल% एनईक्यू ० गोटू फेल
)

मुद्दाम चुकीच्या डेटाबेसचं नाव देऊन चालवलं, तरी 'फेल'कडं जाईना. अर्धा दिवस गेला. कारण असं की कंस उघडला की बॅच फाइल तो बंद होईपर्यंतचा सगळा मजकूर एका दमात वाचते आणि टक्क्यांच्या चिन्हांतल्या किमती तेव्हाच भरून टाकते, आतली एकही कमांड चालायच्या आधी. सकाळच्या घंटेलाच दुपारचीही हजेरी मांडून ठेवणारे मास्तर होते आमच्या शाळेत, तसलाच प्रकार. दुपारी कोण पळून गेलं, वहीत सगळे हजर. यावर इलाज दोन. वर 'सेटलोकल एनेबलडिलेड-एक्स्पान्शन' लिहून टक्क्यांऐवजी उद्गारचिन्हं वापरायची, म्हणजे !एररलेव्हल!, ती किंमत त्या क्षणी बघून भरली जाते. किंवा कंसच टाळायचे. मी कंस टाळते. गंमत म्हणजे ती जुनी 'इफ एररलेव्हल १' कंसातही ताजीच किंमत बघते. तेवढा एक गुण तिच्यात आहे.

दुसरी सवय लावून घेतली ती म्हणजे कमांड संपल्या संपल्या आकडा स्वतःच्या डब्यात भरून ठेवायचा: सेट आरसी=%एररलेव्हल%. मध्ये दुसरं काही आलं की आकडा बदलू शकतो. फायलीचं नाव बॅटनं संपतं की सीएमडीनं, यानंही फरक पडतो: सीएमडी फायलीत साधी 'सेट' यशस्वी झाली तरी एररलेव्हल पुन्हा शून्य होतो, बॅट फायलीत होत नाही. उभ्या रेघेनं एका कमांडचं उत्तर दुसरीला दिलं तर एररलेव्हल दुसरीचा मिळतो, पहिलीचं काय झालं ते कळतच नाही.

आणि 'सेट एररलेव्हल=०' असं कधीही लिहू नका. एका खताच्या दुकानात माझ्या आधीच्या माणसानं सुरुवात स्वच्छ व्हावी म्हणून असं लिहून ठेवलं होतं. त्यानं होतं काय, तर त्या नावाचा तुमचा स्वतःचा डबा तयार होतो, त्यात कायम शून्य, आणि खरा एररलेव्हल त्याच्या मागं झाकला जातो. त्या दुकानात दोन वर्षं काहीच फेल झालं नव्हतं!

पिंगबद्दलही थोडं. आतला कॉम्प्युटर चालू आहे का हे आधी बघावं म्हणून मी पिंग, म्हणजे नेटवर्कवरून त्याला हाक मारणारी कमांड, लावलं. तो बंद असताना पिंगचा आकडा एक यायला हवा, पण कधी कधी 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं उत्तर येतं, आणि पिंगच्या हिशेबात तेही उत्तरच, म्हणून शून्य. दारावरच्या माणसानं 'साहेब घरात नाहीत' सांगितलं तरी भेट झाली असं मानण्यातला प्रकार. म्हणून पिंगच्या मजकुरात 'टीटीएल=' शब्द आहे का ते 'फाइंड'नं शोधायचं आणि फाइंडचा आकडा बघायचा; सापडला तर शून्य, नाही तर एक.

आता रात्री अकराला होतं ते असं. लहान बी लावून बॅकअप. आकडा शून्य नसेल तर तिथंच थांबून लाल पडदा. मग आजच्या तारखेची फाइल खरंच आहे का आणि तिची साइज शून्य तर नाही ना, हे वेगळं तपासायचं, कारण आता कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची माझी तयारी नाही. मग 'रिस्टोअर व्हेरिफायओन्ली', म्हणजे बॅकअपची फाइल पूर्ण आहे आणि वाचता येते का याची तपासणी. मग रोबोकॉपी, आणि तिला /आर:२ /डब्ल्यू:५ (दोनदाच परत प्रयत्न, मध्ये पाच सेकंद) हे नक्की द्यायचं. न दिल्यास अडलेल्या एका फायलीसाठी ती तीस-तीस सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करते, म्हणजे जवळजवळ वर्षभर. तिच्या आकड्यात एकचं वजन असलंच पाहिजे आणि आकडा आठच्या खाली पाहिजे, दोन्ही जमलं तरच हिरवा पडदा. शेवटी 'एक्झिट /बी %आरसी%', म्हणजे शेड्युलरमध्ये रोज ०एक्स१ दिसतं. मला ते तसंच आवडतं.

जुन्या फायली मात्र स्क्रिप्ट काढत नाही. 'डेल' न सापडलेल्या फायलीलाही शून्यच देतं, आणि तसंही स्क्रिप्टच्या हातात खोडरबर द्यायचा धीर मला अजून होत नाही. महिन्याला एकदा जाते, दोन्हीकडच्या जुन्या फायली हातानं काढते, ताजी एक पेनड्राइव्हवर घेऊन घरच्या मशीनवर प्रत्यक्ष रिस्टोअर करून बघते.

सचिवांना मी वजनांचं गणित समजावलं, त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. ते आता रोज सकाळी पडद्यावरचा आकडा संकलनाच्या वहीत कोपऱ्यात लिहितात. पानामागून पान १, १, १. गेल्या दिवाळीनंतर एका पहाटे परत फोन आला, पावणेसहालाच.

"ताई, हिरवंच हाय, पण आज तीन आलंय."

"म्हणजे एक आणि दोन."

"व्हय. एक तर पोचलं. मग दोनचं काय जादा पडलंय तिकडं, बघतो थांबा."

फोन तसाच चालू ठेवून ते आतल्या खोलीत गेले. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम सनई आणि बँड.

"पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ हाय," ते म्हणाले. "कुणीतरी आता हितं आणून ठेवलाय."